७२१ चे कोडे आणि बसऱ्याचे हसन

एक कोडे सोडवून पाहा. अशी संख्या शोधा, जिला २, ३, ४, ५ किंवा ६ ने भागले तर बाकी १ उरते, पण ७ ने भागले तर काहीच उरत नाही. हजार वर्षांपूर्वी या कोड्यावर लिहिणारे होते अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम. प्रकाशाच्या अभ्यासामुळे त्यांचे नाव जगभर झाले. संख्यांशी असलेली त्यांची दोस्ती मात्र फारशी कुणाला ठाऊक नाही.

त्यांचा जन्म इ.स. ९६५ च्या सुमारास बसऱ्यात झाला. नाइलच्या पाण्याला आवर घालता येईल, असे ते म्हणाल्याचे इजिप्तच्या अल-हाकिम या खलिफाच्या कानावर गेले आणि त्याने त्यांना बोलावून घेतले. अस्वानच्या बाजूला जाऊन नदी पाहिल्यावर हे काम आपल्या आवाक्यातले नाही, हे त्यांना कळले. परत येऊन त्यांनी तसे कबूल केले. पुढे लहरी खलिफाच्या धाकाने त्यांनी वेडाचे सोंग घेतले आणि १०२१ मध्ये तो नाहीसा झाल्यावरच ते टाकले, असे जुने चरित्रकार सांगतात. नंतर कैरोत अल-अझहर मशिदीजवळ राहून, युक्लिडच्या ग्रंथाच्या नकला विकून ते पोट भरत.

आता कोड्याकडे येऊ. १ ते ६ चा गुणाकार ७२०. त्यात १ मिळवा, ७२१ झाले. त्याला ७ ने भागा, बरोबर १०३! सर्वांत लहान उत्तर ३०१ आहे. पण ७२१ मागे एक नियम आहे. कोणतीही मूळ संख्या घ्या, तिच्या आधीच्या सर्व संख्यांचा गुणाकार करून १ मिळवा. त्या मूळ संख्येने नेमका भाग जातो. ९ सारख्या मूळ नसलेल्या संख्येला हे जमत नाही. हाच नियम १७७० मध्ये युरोपात विल्सन यांच्या नावाने छापला गेला आणि लाग्रांज यांनी तो सिद्ध केला.

नियम अचूक आहे, पण मोठ्या संख्येपुढे तो गुणाकारच आवरत नाही. २०२४ मध्ये सापडलेल्या मूळ संख्येत चार कोटींहून अधिक अंक आहेत. ती दुसऱ्या पद्धतींनी तपासावी लागली. तिची घडण मात्र ७ सारखीच आहे: २ ला २ ने गुणत जायचे आणि शेवटी १ वजा करायचा. अशा मूळ संख्येपासून परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडने दाखवले होते. उदाहरणार्थ, ७ पासून २८. तिचे विभाजक १, २, ४, ७, १४ यांची बेरीज पुन्हा २८. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या अशीच घडलेली असते, हे सिद्ध करायला इब्न अल-हैसम बसले. सिद्धता अपुरी राहिली. ती सुमारे सातशे वर्षांनी ऑयलर यांनी पुरी केली.

१०४० च्या सुमारास कैरोत त्यांचे निधन झाले. नाइलपुढे त्यांनी हार कबूल केली, पण प्रश्न विचारणे थांबवले नाही. विषम परिपूर्ण संख्या असते का, याचे उत्तर आजही कुणाकडे नाही.