उंबरठ्याबाहेरचा केर : शिकागोच्या जेन ॲडम्सबाई

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजमाता जिजाबाई, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांच्याविषयी लिहिणाऱ्या विदुषी आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणून मी एका परक्या मुलखातील बाईंची हकीकत निवडली. त्यांचे नाव जेन ॲडम्स. त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीत आहे. दुपारची कामे आटोपली की माझी लेक रोज थोडे थोडे वाचून मला त्याचा अर्थ सांगत असे. जगात जेनबाईंची कीर्ती आहे ती शांततेच्या नोबेल पारितोषिकामुळे. माझ्या मनात मात्र भरली ती त्यांनी शेजारपाजारच्या बायकांना घेऊन केलेली रस्त्यांची झाडलोट. तीच मी येथे सविस्तर सांगणार आहे.

जेनबाईंचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी अमेरिकेतील इलिनॉय प्रांतात, सीडरव्हिल नावाच्या खेड्यात झाला. वडिलांची गिरणी होती, आणि प्रांताच्या कायदेमंडळाचे ते सभासद होते. जेन दोन वर्षांची असतानाच आई वारली. चौथ्या वर्षी मणक्याला क्षय झाला आणि पाठ कायमची थोडी वाकली. आपल्यासारखी वेडीविद्री मुलगी बरोबर दिसली तर वडिलांना कमीपणा येईल, असे वाटून ती देवळातून परतताना वडिलांऐवजी काकांचा हात धरून चाले. एकदा वडिलांबरोबर जवळच्या गावी गेली असता गरिबांची कोंदट, गचाळ घरे तिने प्रथमच पाहिली. माणसे अशा घरांत का राहतात, असे तिने विचारले, आणि मोठेपणी आपण मोठे घर घेऊ पण ते अशाच घरांच्या मध्ये घेऊ, असे वडिलांना सांगून टाकले. लहान मुलांचे असले बोलणे आपण हसण्यावारी नेतो. ह्या मुलीने ते खरे करून दाखविले.

१८८१ साली रॉकफर्ड येथील शिक्षण पुरे झाले, आणि त्याच वर्षी वडील अचानक गेले. जेनबाई डॉक्टर होण्यासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली ज्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, तेच हे महाविद्यालय. आनंदीबाई तेथून डॉक्टर होऊन निघाल्या. जेनबाईंना मात्र पाठीच्या दुखण्यामुळे ते शिक्षण सोडावे लागले. पुढे त्या युरोपच्या प्रवासास गेल्या असता लंडनच्या गरीब वस्तीत शनिवारी मध्यरात्री नासक्या भाजीचा लिलाव चाललेला त्यांनी पाहिला. भाजी घेण्यासाठी वर आलेले ते शेकडो रिकामे हात त्या कधी विसरल्या नाहीत. १८८८ साली लंडनमध्येच टॉयन्बी हॉल ही संस्था त्यांनी पाहिली. तेथे शिकलीसवरलेली मंडळी गरिबांच्या वस्तीत बिऱ्हाड करून राहत होती. जेनबाईंना आपला मार्ग सापडला.

१८ सप्टेंबर १८८९ रोजी त्या व त्यांची मैत्रीण एलन गेट्स स्टार शिकागोच्या हॉलस्टेड रस्त्यावरील एका जुन्या मोठ्या घरात राहावयास आल्या. ह्या घराचे नाव हल हाउस. भोवती इटालियन, ग्रीक, आयरिश, जर्मन, रशियन व पोलिश ज्यू अशी पोटासाठी देश सोडून आलेली माणसे. बालवाडी, वाचनालय, सार्वजनिक स्नानगृहे, नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह असे एकेक काम तेथे उभे राहिले. आणि भगिनींनो, आपल्यासारखेच एक महिला मंडळही तेथे होते.

वस्तीचे रस्ते कसे होते म्हणाल, तर सांगावयास लाज वाटावी असे. लहान गल्ल्यांत फरसबंदी नाही, दिवे अपुरे, तबेल्यांची घाण, आणि शेकडो घरे गटाराला जोडलेलीच नाहीत. फूटपाथला मोठमोठ्या लाकडी कचरापेट्या ठोकलेल्या होत्या. त्यांत कुजकी फळे, चिंध्या, मेलेले उंदीर सारे एकत्र. रांगते मूल प्रथम चढायला शिके ते ह्या पेट्यांवर. चालणाऱ्याला वाट नाही, खेळणाऱ्याला जागा नाही, आणि घरोघर मुले दगावत.

बहुतेक बाया खेड्यांतून आलेल्या. खेड्यात आपले दार झाडले, केर गाईपुढे टाकला किंवा उकिरड्यावर उन्हात पडू दिला की भागते. शहरात मात्र एकीने आपले घर कितीही लख्ख ठेवले तरी बाहेरचा कचरा कोणी उचलला नाही तर तिचेच मूल आजारी पडते. म्हणून शहरातल्या आईने घर झाडून थांबू नये, शहर झाडणाऱ्यांकडून काम करून घेणे हाही तिच्या संसाराचाच भाग आहे, असे जेनबाई त्यांना पुनःपुन्हा समजावून सांगत. ही गोष्ट ऐकताना मी हातातली भाजी तशीच धरून बसले होते.

एका उन्हाळ्यात महिला मंडळाच्या बारा सभासदांनी हल हाउसच्या रहिवाशांबरोबर गल्लीबोळ तपासावयाचे काम अंगावर घेतले. दिवसभराचे कष्ट झाल्यावर, ऐन उकाड्यात, आठवड्यातून तीन संध्याकाळी ह्या बाया घाणीतून फिरत. कोठे कचरा साचला, कोठे पेटी फुटली, कोणाच्या दारी काय अडले, ते नीट पाहून टिपून घेत. ऑगस्ट आणि सप्टेंबर ह्या दोन महिन्यांत त्यांनी आरोग्य खात्याकडे १०३७ तक्रारी पाठविल्या, त्याही खात्री करून घेतलेल्या. परिणाम असा झाला की काम समाधानकारक नाही म्हणून एकामागून एक तीन निरीक्षकांची त्या वॉर्डातून बदली झाली.

तरीही मुले मरतच होती. जेनबाईंचा एक लहान भाचा त्यांच्यापाशी होता. ह्या हवेत त्याचा निभाव लागणार नाही म्हणून त्याला दूरच्या शाळेत ठेवावे लागले. तेव्हा त्यांच्या मनाला चटका बसला. आपले मूल बाहेर पाठविता येते, पण शेजारणींची मुले तर सरळ देवाघरीच जात आहेत, आणि तरी आपण आजवर पुरेसे काही केले नाही, ही टोचणी त्यांनी पुढे आत्मचरित्रातही लपविली नाही.

त्यांनी थेट वॉर्डातील कचरा उचलण्याचा ठेका मागितला. अर्जात काही नियमाची खोट काढून तो फेटाळला गेला. परंतु गोष्टीचा बोभाटा झाला, आणि १८९५ साली महापौरांनी त्यांना एकोणिसाव्या वॉर्डाच्या कचरा निरीक्षक नेमले. पगार वर्षाला एक हजार डॉलर. मग ही सुशिक्षित, दुबळ्या पाठीची बाई सकाळी सहा वाजता उठून कचऱ्याच्या घोडागाड्यांमागे निघू लागली. गाड्या खरोखर डेपोपर्यंत पोहोचतात का, ते स्वतः पाही. गाड्या नऊ होत्या. ठेकेदाराच्या पाठीस लागून त्या तेरा आणि पुढे सतरा करवून घेतल्या. मेलेली जनावरे उचलवली. पुरेशा पेट्या न ठेवणाऱ्या घरमालकांना कोर्टात उभे केले.

एका अरुंद रस्त्यावर तर नवलच झाले. घाण उपसता उपसता अठरा इंच खाली चांगली फरसबंदी लागली! नगरपालिकेच्या दप्तरात तिची नोंदही सापडली. तेथील इटालियन रहिवाशांना मात्र त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही. त्यांच्या मुलखात जमिनीखालून आख्खी शहरे निघतात, म्हणून असेल, असे जेनबाईंनी विनोदाने लिहिले आहे. वरचा आठ इंच कचरा आपण काढला, आता उरलेले काम रस्ते खात्याचे, असा त्यांनी हट्ट धरला. रस्त्याचा अधिकारी ऐकेना. शेवटी त्यांनी महापौरांनाच आपल्या घोडागाडीत बसवून त्या गल्लीच्या तोंडाशी नेले. महापौरांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला.

बाईमाणसाने कचऱ्याच्या गाड्यांमागे हिंडावे हे वस्तीतील पुष्कळ बायांनाही आवडले नव्हते. पण आजाऱ्याची शुश्रूषा करणे जर बाईला शोभते, तर आजार होऊच नये म्हणून झटणे का शोभू नये, हे हळूहळू त्यांना पटले. आणि एक दिवस महिला मंडळाच्या सभेत बातमी आली की मृत्यूंच्या प्रमाणात शहरात तिसरा असलेला आपला वॉर्ड सातव्या क्रमांकावर उतरला. टाळ्यांचा कडकडाट झाला. आपल्या हातांनी काही मुले वाचली, हे त्या बायांना आकड्यात दिसले होते.

जेनबाईंच्या मागून त्यांच्या सहाय्यक अमांडा जॉन्सन ते काम पाहू लागल्या. पुढे मात्र पदांची अशी फेरमांडणी झाली की ती जागा बायकांच्या हातून गेली. वॉर्डाचे नगरसेवक जॉनी पॉवर्स मोठे वजनदार गृहस्थ. सणाला घरोघर टर्की पक्षी वाटावेत, अंत्ययात्रेस जावे, नोकऱ्या लावून द्याव्या, पण रस्ते तसेच. १८९६ व १८९८ च्या निवडणुकांत हल हाउसने त्यांच्याविरुद्ध मोहीम काढली, आणि दोन्ही वेळा पॉवर्सच निवडून आले. त्या बायांना तर तेव्हा मतच नव्हते. इलिनॉयमध्ये स्त्रियांना नगरपालिकेसाठी मत मिळाले ते १९१३ साली.

मुलांच्या खेळण्याची गोष्ट तशीच सांगण्याजोगी आहे. शेजारची काही अगदी पडकी बिऱ्हाडे विल्यम केंट नावाच्या तरुण श्रीमंताच्या मालकीची होती. हल हाउसने टीका केल्यावर त्याने ती मालमत्ता त्यांच्याच स्वाधीन केली. घरे दुरुस्त होण्यासारखी नव्हती. ती पाडून १८९४ साली तेथे मुलांसाठी मैदान केले, आणि शिकागोतील अशा सार्वजनिक क्रीडांगणांत ते पहिले गणले जाते. पण त्यासाठी काही भाडेकरूंना कायद्याने बाहेर काढावे लागले. अशा जागी आपला जम बसला होता तसा पुन्हा कोठे बसला नाही, अशी खंत एका म्हाताऱ्या इटालियन कारागिराने वर्षांनंतर रस्त्यात भेटल्यावर जेनबाईंना सांगितली. ही गोष्टही त्यांनी गाळली नाही, म्हणून मला त्यांच्याविषयी अधिकच आदर वाटतो. त्याच केंटने १९०७ साली कॅलिफोर्नियातील म्यूर वुड्स हे उंच रेडवुड वृक्षांचे रान सरकारला देऊन तोडीपासून वाचविले.

पुढे जेनबाई युद्धाविरुद्ध उभ्या राहिल्या, त्यापायी स्वदेशात निंदा सोसली. १९२३ सालच्या जगप्रवासात त्या हिंदुस्थानातही येऊन गेल्या. १९३१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २१ मे १९३५ रोजी त्या शिकागो येथे निवर्तल्या. हल हाउसच्या बहुतेक इमारती १९६३ साली विद्यापीठासाठी पाडण्यात आल्या, पण मूळ घर संग्रहालय म्हणून राखले आहे.

भगिनींनो, आता आपल्याकडे पाहू. आपल्या रस्त्यावर घंटागाडी येते, दिवे आहेत, मतही आहे. तरी शाळेत जाणारी मुले गाड्यांच्या गर्दीतून चालतात, कारण फूटपाथच्या फरशा उखडल्या आहेत. उघड्या गटाराशी पाय जाऊन माझ्या सासूबाई गेल्या पावसाळ्यात पडल्या, त्या अजून एकट्या बाहेर निघत नाहीत. पलीकडच्या कडेला लावलेली कडुनिंबाची रोपे पाण्यावाचून आणि कुंपणावाचून गेली. अर्ज करावा असा विषय सभेत निघाला, तेव्हा हळदीकुंकू, भजन, सहली हेच मंडळाचे काम, हे बायकांना झेपायचे नाही, असे काहींचे मत पडले. त्यांचा मान ठेवून मी एवढेच म्हणते की शिकागोच्या त्या बाया आपल्याहून शिकलेल्या नव्हत्या, आणि त्यांची मुले मरत होती.

आठवड्यातून एक संध्याकाळ, दोघीदोघींनी एकेक गल्ली, आणि एक दोनशे पानी वही. तारीख, ठिकाण, काय अडले, कोणाला कळविले आणि काय झाले, एवढे पाच रकाने आखले म्हणजे पुरे. उन्हाळ्यात प्रत्येकीने आपल्या दारापुढच्या झाडाला बादलीभर पाणी घालावे. वही मी आखून ठेवली आहे. पुढच्या सभेत बारा नावे मिळाली तर चैत्रापासून सुरुवात करता येईल.