कै. डॉ. कमल रणदिवे : एक विद्याव्रती जीवन

नांदेड व लातूर या आपल्या दोन जिल्ह्यांत वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची चर्चा ज्या घरात होत नाही, असे घर आज विरळाच. प्रवेश मिळाला की पेढे वाटले जातात, आणि एम. बी. बी. एस. ची पदवी हाती पडताच दवाखान्याची पाटी व विवाहाची बोलणी यांची एकदमच घाई सुरू होते. परंतु विद्येचा मार्ग तेथे संपत नाही. मधुमेह, गलगंड आणि अंतःस्रावी ग्रंथींचे इतर विकार यांचा तज्ज्ञ होण्यास एम. डी. ची तीन वर्षे आणि त्यानंतर डी. एम. ची आणखी तीन वर्षे द्यावी लागतात. संशोधन करावयाचे, तर त्यापुढे फेलोशिपचा काळ येतो. इतकी वर्षे वेचून समाजाच्या पदरी काय पडते, असा प्रश्न पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आम्हांस डॉ. कमल रणदिवे यांच्या चरित्रात मिळते. थोरांच्या चरित्राला जिल्ह्याचे वा ज्ञातीचे कुंपण नसते, म्हणून ते येथे सादर करीत आहोत.

कमलाताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यास झाला. त्यांचे वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. मुलांइतकेच मुलींनीही शिकावे, अशी त्यांची दृढ धारणा होती. हुजूरपागेतील शालेय शिक्षण संपवून कमलाताई फर्ग्युसनमध्ये दाखल झाल्या. कन्येने डॉक्टर व्हावे, ही वडिलांची इच्छा होती. परंतु तिचा ओढा जीवशास्त्राकडे आहे हे पाहून त्यांनी तिला त्याच वाटेने जाऊ दिले.

१९३९ साली गणितज्ञ श्री. ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहाने विद्याभ्यास थांबला नाही. १९४३ साली पुण्याच्या कृषिमहाविद्यालयातून त्या एम. एस्सी. झाल्या. त्यांचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा व त्यांतील आनुवंशिकतेचा. आपला प्रदेश त्या वेळी निजामी अमलाखाली होता. नांदेडात पीपल्स कॉलेज निघावयास १९५० साल उजाडावे लागले. शिक्षणाची ही विषमता ध्यानी घेतली, म्हणजे आपल्या वाडवडिलांना किती वाट चालावी लागली हे कळून येते.

मुंबईस आल्यावर कमलाताई टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करू लागल्या. तेथे विख्यात रोगनिदानशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्यांना गुरू लाभले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळविली. पुढे फेलोशिप घेऊन त्या अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचपात्रात, पोषक द्रवावर जिवंत पेशी वाढविण्याची ऊतिसंवर्धनाची विद्या तेथे सिद्ध होत होती. ती त्यांनी आत्मसात केली.

अशी विद्या संपादन केलेल्यास परदेशात स्थायिक होणे अवघड नव्हते. कमलाताई मायदेशी परतल्या, आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. देशातील ही अशा प्रकारची पहिली प्रयोगशाळा मानली जाते. पेशी वाढविण्यास लागणारी पोषक माध्यमे त्या व त्यांचे सहकारी येथेच तयार करू लागले.

त्यांच्या संशोधनाचा गाभा स्त्रियांच्या स्तनांच्या कर्करोगाचा होता. बीजकोश काढून टाकले असता हा रोग काही रुग्णांत ओसरतो, हे स्कॉटलंडचे शल्यविशारद बीट्सन यांनी १८९६ सालीच दाखविले होते. म्हणजे अंतःस्रावी ग्रंथींतून रक्तात मिसळणाऱ्या संप्रेरकांचा, हार्मोन्सचा, या रोगाशी संबंध होता. उंदरांत हा रोग मातेच्या दुधातून जाणाऱ्या विषाणूनेही होतो, हे पुढे उघड झाले. संप्रेरके, आनुवंशिकता आणि विषाणू यांचा परस्परसंबंध कमलाताईंनी उंदरांवरील प्रयोगांतून वर्षानुवर्षे तपासला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले, व पुढे लस तयार करण्याच्या प्रयत्नांना त्या कामाचा आधार मिळाला.

१९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेच्या संचालकपदाची धुरा वाहिली. कर्करोगाची कारणे, पेशीविज्ञान व रोगप्रतिकारशास्त्र यांचे स्वतंत्र विभाग त्यांच्या प्रयत्नांनी उभे राहिले आणि त्यांतून तरुण संशोधकांची पिढी घडली. एका व्यक्तीच्या फेलोशिपचे फळ असे अनेकांना मिळाले. १९७३ साली त्यांनी सहकारी भगिनींसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापिली. शिकलेली स्त्री मुलाबाळांच्या काळजीने प्रयोगशाळा सोडते, हे ओळखून या संघटनेने वसतिगृह व पाळणाघर यांचीही सोय केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील राजूर येथे आदिवासी बालकांच्या पोषणाची पाहणी त्यांनी हाती घेतली. २००१ साली त्यांचे निधन झाले. त्यास आता दोन तपे लोटली.

नांदेडात १९८८ साली व लातुरात २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दार आपल्या अंगणात आले आहे. तरीही मधुमेहाचे वा थायरॉइडचे गुंतागुंतीचे दुखणे झाले, की आपल्यापैकी अनेकांना हैदराबाद, पुणे वा मुंबई गाठावी लागते. तज्ज्ञ तयार होण्यास लागणारी वर्षे कोणीतरी द्यावीच लागतात. ती आपल्या मुलामुलींनी का देऊ नयेत?

ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची नम्र विनंती आहे की, परीक्षेतील गुणांच्या सत्कारावर थांबू नये. पदवीनंतर पुढे शिकू इच्छिणाऱ्यास, विशेषतः कन्येस व सुनेस, आणखी पाचसहा वर्षांची मोकळीक द्यावी. आणि विद्या घेऊन परतणाऱ्यास इथेच चार शिष्य तयार करण्याचा आग्रह करावा. समर्थांनी लेकीस तिची वाट निवडू दिली, म्हणून महाराष्ट्रास डॉ. कमल रणदिवे लाभल्या. त्यांच्या पुण्यस्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.