चवदार तळ्याचा दावा आणि पत्र्याच्या पेटीतले समन्स

दिवाणी दाव्याचे समन्स घेऊन बेलिफ दारात आला की बोईसर-तारापूर पट्ट्यातला आमचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो अटकेचा. अटक होणार नाही म्हटले की त्याचा जीव भांड्यात पडतो. कागद पत्र्याच्या पेटीत जातो, तारीख निघून जाते, आणि पुढे कधीतरी एकतर्फी हुकूमनामा हातात घेऊन तो पालघरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात उभा राहतो. तोवर घर, वहिवाटीचा रस्ता, विहीर किंवा गुंठा-दोन गुंठे जमीन हातून गेलेली असते. फौजदारी खटल्यात गरिबाला सरकार वकील देते हे आता खेडोपाडी माहीत झाले आहे. दिवाणी दाव्यातही देते, हे मात्र शिकलेल्यांनाही ठाऊक नसते. असा माणूस समोर आला की आम्हाला एक प्रतिवादी आठवतात. त्यांचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

जयंतीच्या व्यासपीठावरून घटनाकार बाबासाहेब सांगितले जातात, ते योग्यच आहे. पण परळच्या दामोदर हॉलमधले वकील बाबासाहेब फार कमी सांगितले जातात. लंडनच्या ग्रेज इनमधून १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. १९२३ साली मुंबईत परतले तेव्हा सनद घेण्यापुरते पैसेही जवळ नव्हते. मित्र नवल भथेना धावून आले. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला काम मिळायचे ते सॉलिसिटरमार्फत, आणि अस्पृश्य बॅरिस्टरच्या हाती ब्रीफ द्यायला सॉलिसिटर राजी नसत. जगातल्या दोन नामांकित विद्यापीठांत शिकलेल्या माणसाची ही गत! मग अपील शाखेचे आणि जिल्ह्या-तालुक्याच्या कोर्टांचे काम त्यांनी पत्करले. घर चालावे म्हणून १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. १९२८ पासून ते सरकारी लॉ कॉलेजात शिकवू लागले आणि १९३५ साली तिथेच प्राचार्य झाले.

दामोदर हॉलच्या पायऱ्या चढून येणारे पक्षकार म्हणजे गिरणी कामगार, गावकीतले महार, वेठबिगारीला कंटाळलेली माणसे. फी द्यायला त्यांच्याजवळ काय असणार? १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तीही याच हॉलमध्ये. कायद्याचा सल्ला आणि चळवळ एकाच छपराखाली चालत होती. १९२६ साली देशाचे दुश्मन या पुस्तकावरून जेधे-जवळकरांवर झालेल्या खटल्यात त्यांनी अपील लढवून आरोपींना सोडवले. हे फौजदारी यश पुष्कळांना माहीत असते. पण त्यांच्या वकिलीचा खरा कस लागला तो एका दिवाणी दाव्यात, आणि त्यात ते स्वतः प्रतिवादी होते.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा लाठ्याकाठ्यांनी जे जमले नाही ते सनातनी मंडळींनी कोर्टाकडून करून घ्यायचे ठरवले. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांवर सर्व अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून दावा दाखल झाला. तळे आमचे, अस्पृश्यांना तिथे हक्क नाही असे जाहीर करा आणि कायमची मनाई द्या, ही मागणी. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळालाही.

२५ डिसेंबरच्या परिषदेला माणसे तुरुंगात जायच्या तयारीने आली होती. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, पण कोर्टाचा हुकूम मोडला नाही. सत्याग्रह तहकूब केला. यावर आजही काहीजण नाक मुरडतात. आमच्या मते त्यांची समज अपुरी आहे. मनाई मोडली असती तर प्रतिवादी एका दिवसात कायदा मोडणारे ठरले असते आणि तळ्यावर हक्क कोणाचा, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला असता. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी ती मनाई उठली. मग मूळ दावा चालला. तळे खासगी की नगरपालिकेचे? अस्पृश्यांना बंदी असल्याची रूढी अनादी काळापासून आहे, हे वादी शाबीत करू शकतात का? ज्याने रूढी सांगितली त्यानेच ती सिद्ध करायची. इथेच सनातन्यांचे पितळ उघडे पडले.

८ जून १९३१ रोजी महाडचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. वादी अपिलात ठाण्याच्या कोर्टात गेले. पालघर तालुक्यातली माणसे २०१४ पर्यंत ज्या ठाण्याला जिल्ह्याच्या कामासाठी खेटे घालत होती, तेच हे ठाणे. ३० जानेवारी १९३३ रोजी तिथेही वादी हरले. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी वाद्यांचे दुसरे अपील फेटाळले. (१९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे ते हेच.) म्हणजे सव्वानऊ वर्षे. या काळात तीन गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली, माता रमाई गेल्या. दावा मात्र वाऱ्यावर सोडला गेला नाही.

आता कल्पना करा, प्रतिवादी बॅरिस्टर नसते तर? त्या वेळच्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत नादार माणसाला सवलत होती ती कोर्ट फीची, तीही दावा लावणाऱ्याला. वकील देण्याची सोय नव्हती. महाडच्या एखाद्या भूमिहीन महारावर हा दावा लागला असता तर पहिल्या चार तारखांतच एकतर्फी निकाल झाला असता. सगळ्यांना वकील मिळत नाही, हे बाबासाहेब जाणत होते. म्हणून हायकोर्टाच्या निकालानंतर बरोबर सहा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदे मंडळात मांडले. कोकणातल्या कुळाला खोताविरुद्ध एकेक दावा लढत बसायला लावण्यापेक्षा खोतीच मोडावी, हा त्यामागचा विचार. ते विधेयक तेव्हा पास झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

मोफत कायदेशीर मदतीचे कलम मूळ घटनेत नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कायद्यापुढे समानता आणि थेट सुप्रीम कोर्टात जाण्याचा हक्क बाबासाहेबांच्या घटनेने दिला. कलम ३९-अ आले ते ४२ व्या दुरुस्तीने, १९७६ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर वीस वर्षांनी. त्याच वर्षी नादार माणसाला वकील देण्याची तरतूद दिवाणी संहितेत झाली. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, पण अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी.

या कायद्याचे कलम १२ आमच्या पट्ट्यासाठीच लिहिल्यासारखे आहे. दावा लावायला आणि लढवायला, दोन्हींसाठी मदत. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, कोणतीही स्त्री, अपंग, औद्योगिक कामगार, यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे वारली, कातकरी, तारापूर एमआयडीसीतला कामगार, त्याची विधवा, सगळे बसतात. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीतले बौद्धही बसतात. फक्त जातीचा दाखला जवळ हवा. तरी अर्ज येतात किती? फुकटचा वकील म्हणजे कुचकामी, हा समज खोल आहे, आणि पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारे तुटपुंजे मानधन तो समज घट्ट करते. आम्ही वकीलही धुतल्या तांदळासारखे नाही. जयंतीला तासभर बोलणारे आमचे किती बंधू वर्षाला गरिबाचे एक तरी दिवाणी वकीलपत्र घेतात? बोईसरला बुलेट ट्रेनचे स्थानक उभे राहते आहे, डहाणूला वाढवण बंदर येते आहे. जमिनीचा भाव चढला की दावे वाढतात.

समन्स मिळाल्यापासून कैफियत द्यायला तीस दिवस असतात; कोर्टाने मुदत वाढवली तर नव्वद. एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करून घेण्याचा अर्जही तीस दिवसांत करायचा असतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज चालतो, लिहिता येत नसेल तर तिथे लिहून देतात. १५१०० हा फोन नंबर त्यासाठीच आहे. पेटीतला कागद आजच बाहेर काढा आणि त्यावरची तारीख कोणाकडून तरी वाचून घ्या.