पेस कारचा पहिला सारथी

दुर्मीळ मोटारींच्या संग्राहकांत अमेरिकेतील ‘इंडियानापोलिस ५००’ शर्यतीच्या पेस कारना विशेष मान आहे. त्यातही उघड्या टपाची गाडी असेल तर विचारायलाच नको. १९६९ साली शेव्हरोले कॅमारो ही कन्व्हर्टिबल पेस कार ठरली आणि तिच्या ३,६७५ प्रतिकृती विकल्या गेल्या. त्याही आज संग्राहक शोधत असतात. या परंपरेचा आरंभ मात्र एका अर्धशिक्षित, अधू दृष्टीच्या सायकलविक्याने केला. त्याचे नाव कार्ल फिशर.

इंडियाना राज्यातील ग्रीन्सबर्ग येथे १८७४ मध्ये जन्मलेल्या फिशर यांनी बाराव्या वर्षीच शाळा सोडली. दृष्टिदोषामुळे फळ्यावरचे त्यांना नीट दिसतच नसे. १८९१ मध्ये त्यांनी इंडियानापोलिसमध्ये सायकलींचे दुकान थाटले. पुढे मोटारींच्या दिव्यांसाठी ॲसिटिलिन वायूच्या टाक्या बनविणाऱ्या ‘प्रेस्ट-ओ-लाइट’ने त्यांना गडगंज केले. जाहिरातीची हौस तर अफाट. १९०८ साली त्यांनी स्टोडार्ड-डेटन मोटार फुग्याला टांगून शहरावरून उडविली. इंजिन आधीच काढून ठेवले होते, हे प्रेक्षकांना ठाऊक नव्हते!

मोटारींची चाचणी घेता यावी म्हणून तीन भागीदारांसह त्यांनी १९०९ मध्ये अडीच मैलांचा मार्ग बांधला. खडी आणि डांबराचा तो पृष्ठभाग ऑगस्टमधील पहिल्याच मोटार शर्यतींत उखडला. चालक, मेकॅनिक, प्रेक्षक मिळून पाच जणांचे प्राण गेले. मार्ग कायमचा बंद करावा, अशी मागणी झाली. फिशर यांनी माघार घेतली नाही. वर्ष सरण्यापूर्वी त्यांनी तेथे सुमारे ३२ लाख विटा बसविल्या.

३० मे १९११ रोजी पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. चाळीस मोटारी एकाच वेळी जागेवरून सुटल्या तर पुन्हा अनर्थ ओढवेल, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून स्वतः उघड्या स्टोडार्ड-डेटनमध्ये बसून त्यांनी सर्व स्पर्धकांना एक फेरी आपल्या मागे, रांगांत, आवरून आणले आणि मग बाजूला होऊन वाट मोकळी केली. मार्मन गाडीच्या रे हॅरून यांनी ताशी सुमारे ७४.६ मैलांच्या सरासरीने बाजी मारली. बळी मात्र त्या दिवशीही टळला नाही. एक मेकॅनिक दगावला. धावत्या सुरुवातीची ही पद्धत शर्यतीने तरीही सोडली नाही. १९१५ पर्यंत पेस कारचे चक्र फिशर यांच्याच हाती राहिले.

शर्यतीपलीकडे त्यांनी लिंकन व डिक्सी या महामार्गांचा पुरस्कार केला आणि फ्लोरिडातील दलदलीत भर घालून मायामी बीच उभारले. १९२६ च्या चक्रीवादळाने त्या वैभवाला तडा गेला. १९२७ मध्ये शर्यतीचा मार्ग पहिल्या महायुद्धातील नामवंत वैमानिक एडी रिकनबॅकर यांच्याकडे गेला आणि १९२९ च्या मंदीने उरलेसुरले नेले. १५ जुलै १९३९ रोजी मायामी बीच येथेच त्यांचे निधन झाले, तेव्हा ते एका लहानशा घरात राहत होते. त्यांनी घातलेल्या विटांचा एक यार्ड रुंदीचा पट्टा शर्यतीच्या प्रारंभरेषेवर आजही उघडा ठेवलेला आहे.