नीतीचा निवाडा करणारे संत आल्फोन्स लिगोरी

नाताळच्या दिवसांत इटलीमध्ये घरोघरी आणि चर्चमंदिरांतून एक गीत गायिले जाते. थंडीने कुडकुडणाऱ्या बालयेशूला उद्देशून रचलेले हे गीत तेथील आबालवृद्धांच्या मुखी आहे. पण त्याचे कर्ते संत आल्फोन्स लिगोरी हे कॅथलिक नीतिशास्त्राचे थोर आचार्य होते. मुंबईकर भाविकांचाही त्यांच्याशी एक दूरचा ऋणानुबंध आहे. माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनासाठी सर्व धर्मांचे लोक ज्या मातेच्या चित्रापुढे नतमस्तक होतात, तिचे मूळ चित्र रोममध्ये १८६६ पासून आल्फोन्स यांनी स्थापिलेल्या संघाच्या स्वाधीन आहे.

आल्फोन्स यांचा जन्म २७ सप्टेंबर १६९६ रोजी नेपल्सजवळील मारियानेल्ला येथे एका सरदार घराण्यात झाला. वडील आरमारातील अधिकारी, मोठे करारी. मुलगा इतका कुशाग्र, की सोळाव्या वर्षीच त्याने राज्याच्या व चर्चच्या अशा दोन्ही कायद्यांत डॉक्टर ही पदवी मिळविली. वकिलीत नाव झाले. परंतु १७२३ मध्ये एका जहागिरीच्या दाव्यात ते हरले. एका दस्तऐवजातील मजकुराकडे त्यांचे दुर्लक्ष झाले होते, असे परंपरागत चरित्रांत सांगतात. न्यायाधीशांवर दडपण होते, असेही काही अभ्यासक मानतात. काही असो, त्यांनी न्यायालयाकडे कायमची पाठ फिरविली. त्याच वर्षी आपली सरदारी तलवार त्यांनी मेरीमातेच्या चरणी ठेवली आणि पित्याचा रोष पत्करून १७२६ मध्ये धर्मगुरूची दीक्षा घेतली.

कॅथलिक धर्मनीती पवित्र शास्त्र, चर्चची परंपरा आणि मानवी बुद्धीला उमगणारा निसर्गदत्त नियम यांवर उभी आहे. कृती मुळात कोणती, ती कोणत्या हेतूने आणि कोणत्या परिस्थितीत केली, या तिन्ही गोष्टी पाहून तिचे बरेवाईटपण ठरते. मुळातच वाईट असलेले कर्म चांगल्या हेतूने शुद्ध होत नाही. प्रत्यक्ष निर्णय मात्र ज्याचा त्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीने करावयाचा. खरी अडचण येते ती नियमच संदिग्ध असतो तेव्हा. त्या काळी याविषयी दोन टोके झाली होती. शंका असेल तेथे कठोर नियमच पाळावा, असे एक पक्ष म्हणे; दुसऱ्याला पळवाटेसाठी एखाद्या पंडिताचा आधार पुरत असे. आल्फोन्स यांचे स्वतःचे अध्ययन कठोर पक्षाच्या ग्रंथांवर झाले होते.

ही कठोरता डोंगरदऱ्यांत टिकली नाही. १७३० मध्ये अमाल्फीच्या वरच्या डोंगरात विश्रांतीसाठी गेले असता, धर्मोपदेशाला पारखे झालेले शेळ्यामेंढ्यांचे राखणदार त्यांना भेटले. अशा उपेक्षितांसाठी १७३२ मध्ये स्काला येथे त्यांनी रिडेम्प्टरिस्ट संघ स्थापन केला. कॅथलिक भाविक धर्मगुरूपुढे आपली पापे बोलून दाखवून क्षमा मागतो. गावोगाव फिरताना असंख्य अडाणी माणसांनी आल्फोन्स यांच्यापुढे असे पापनिवेदन केले. ग्रंथातला पापी आणि समोर गुडघे टेकलेला माणूस यांतील अंतर त्यांना तेथे कळले. आपल्या स्मृतिकारांनीही प्रायश्चित्त देताना देश, काल, वय व शक्ती पाहावयास सांगितले आहे, त्याची येथे आठवण होते.

१७४८ मध्ये, एका जुन्या ग्रंथावरील टिपांच्या रूपाने, त्यांचा ‘थिओलॉजिया मोरालिस’ प्रसिद्ध झाला. पुढे अनेक वर्षे ते त्यात सुधारणा करीत राहिले. नियमाच्या बाजूचे मत स्पष्टपणे सबळ असेल, तर नियमच पाळावा. पण दोन्ही बाजू तुल्यबळ असतील, तर संदिग्ध नियमाचे ओझे माणसाच्या माथी मारू नये, असा त्यांचा निवाडा. प्रामाणिक अज्ञानाने घडलेल्या गोष्टीचे पाप ते कर्त्याला लावीत नसत. पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू न्यायाधीश खरा. पण त्याआधी तो पिता आणि वैद्य असावा, अशी त्यांची शिकवण होती.

या मतांमुळे त्यांच्यावर शिथिलतेचा आरोप झाला. स्वतःला मात्र त्यांनी कसलीच सवलत दिली नव्हती. एक क्षणही वाया न घालविण्याचे त्यांचे व्रत होते. १७६२ मध्ये त्यांना बिशप नेमण्यात आले आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. तेव्हा आपली गाडी विकून त्यांनी उपाशी लोकांना धान्य दिले.

इतरांच्या शंका फेडणारे हे आचार्य स्वतः मात्र शंकांनी पोळत. आपल्या हातून पाप तर घडले नाही ना, या विचाराने वार्धक्यात त्यांचा जीव कासावीस होई; अशा वेळी ते निमूटपणे आपल्या धर्ममार्गदर्शकाच्या शब्दावर विसंबत. त्यातच मोठा आघात झाला. दृष्टी मंदावलेल्या या वृद्धाकडून सहकाऱ्यांनी, राजाच्या मंजुरीसाठी मुळातच बदललेल्या नियमावलीवर सही घेतली. १७८० मध्ये पोप सहावे पायस यांनी नेपल्सच्या राज्यातील मठ संघाबाहेर ठरविले आणि संस्थापकच आपल्या संघाला परका झाला. त्याच अवस्थेत १ ऑगस्ट १७८७ रोजी पागानी येथे, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

त्याच सहाव्या पायस पोपनी १७९६ मध्ये त्यांना वंदनीय घोषित केले. १८३९ मध्ये ते संत झाले, १८७१ मध्ये चर्चचे आचार्य ठरले आणि १९५० मध्ये पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे व नीतिशास्त्राच्या अभ्यासकांचे आश्रयदाते संत म्हणून त्यांची योजना करण्यात आली.