विदुषी लीझ माइटनर

परदेशी जाऊन संशोधन करावे अशी मनीषा बाळगणारे विद्यार्थी आमच्या शाळेतही आहेत आणि ती मनीषा स्तुत्यच आहे. मात्र विद्यापीठाने बोलावले म्हणजे सर्व काही झाले, असा त्यांचा समज दिसतो. स्वदेशातून निघण्याची मोकळीक, परक्या देशात शिरण्याचा परवाना आणि तेथे काम करण्याची अनुज्ञा ही तीन निरनिराळी दारे आहेत व त्यांच्या किल्ल्याही निरनिराळ्या हातांत असतात. या तिन्ही दारांशी ज्यांना तिष्ठावे लागले, त्या पदार्थविज्ञानाच्या पंडिता लीझ माइटनर यांचे चरित्र येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

लीझबाईंचा जन्म व्हिएन्ना नगरीत नोव्हेंबर १८७८ मध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. वडील वकील होते. त्या काळी ऑस्ट्रियात मुलींचे शालेय शिक्षण चौदाव्या वर्षीच संपत असे. पुढे विद्यापीठाची कवाडे स्त्रियांना उघडली, तेव्हा लीझबाईंनी खाजगी रीतीने अभ्यास करून १९०१ मध्ये प्रवेशपरीक्षा दिली, बोल्ट्समान यांच्यासारख्या थोर गुरूच्या हाताखाली पदार्थविज्ञान शिकल्या आणि १९०६ मध्ये डॉक्टर झाल्या. दुसऱ्याच वर्षी प्लांक यांची व्याख्याने ऐकण्यासाठी त्या बर्लिनला गेल्या.

तेथे ओटो हान नावाच्या तरुण रसायनज्ञाशी त्यांचे सहकार्य जुळले. पण ज्या रसायनसंस्थेत हान काम करीत, तेथे स्त्रियांना मज्जाव होता. स्त्रियांचे लांब केस प्रयोगशाळेत पेट घेतील, अशी तेथील प्रमुखांना धास्ती होती म्हणे! (पुरुषांच्या भरघोस दाढ्यांविषयी त्यांना तशी धास्ती वाटत नसावी.) अखेर तळघरातील सुतारकामाच्या खोलीत, वेगळ्या दरवाजाने ये-जा करण्याच्या अटीवर, बाईंना जागा मिळाली. वेतन नव्हतेच, कित्येक वर्षे त्यांनी वडिलांनी पाठविलेल्या पैशांवर काढली. १९१२ मध्ये प्लांक यांनी त्यांना आपल्या साहाय्यक नेमले, तेव्हा प्रथमच त्यांच्या हाती पगार पडला. त्याच वर्षी दालेम येथील कैसर विल्हेल्म रसायनसंस्थेत दोघांचे कार्य सुरू झाले. पहिल्या महायुद्धात बाईंनी ऑस्ट्रियन सैन्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांचे काम केले. नंतर हान व त्या यांनी प्रोटॅक्टिनियम या मूलद्रव्याचा शोध प्रसिद्ध केला आणि १९२६ मध्ये बर्लिन विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले. जर्मनीत पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापक झालेल्या त्या पहिल्याच स्त्री होत.

१९३३ मध्ये हिटलरची राजवट आली आणि ज्यू अध्यापकांच्या नोकऱ्या जाऊ लागल्या. बाईंचाही अध्यापनाचा अधिकार काढून घेण्यात आला. परंतु संस्थेतील काम सुटले नाही, कारण त्या ऑस्ट्रियाच्या नागरिक होत्या. परकेपणा हीच त्यांची ढाल झाली! त्या वेळी कोपनहेगनहून नील्स बोर यांनी बोलावले होते. तरी त्या गेल्या नाहीत. आयुष्यभर खपून उभारलेली प्रयोगशाळा सोडवेना. आपण त्याच वेळी निघावयास हवे होते, असे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केले. आम्हांस मात्र त्यांना दोष देववत नाही.

मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. ऑस्ट्रिया नाहीसा झाला, तसे त्याचे पारपत्रही निरर्थक ठरले. लीझबाई एका रात्रीत जर्मन प्रजाजन झाल्या आणि त्याबरोबर ज्यूविरोधी कायद्यांच्या कक्षेत आल्या. बोर यांच्याकडे जाण्यासाठी त्या डॅनिश वकिलातीत गेल्या, तर अशा पारपत्रावर व्हिसा देता येत नाही असे उत्तर मिळाले. कैसर विल्हेल्म संघटनेचे अध्यक्ष बॉश यांनी मे महिन्यात गृहमंत्र्यांना पत्र लिहून त्यांच्यासाठी परवानगी मागितली. जूनमध्ये नकार आला. नामांकित ज्यूंनी परदेशी जाऊन जर्मनीविरुद्ध बोलावे, हे सरकारला नको होते. म्हणजे राहू द्यावयाचे नाही आणि जाऊही द्यावयाचे नाही!

आता कायद्याच्या वाटेने निघणे अशक्य होते. हॉलंडमधील दोन पदार्थवैज्ञानिक, ग्रोनिंगेनचे डिर्क कोस्टर आणि हार्लेमचे आड्रियान फोकर, यांनी ओळखीच्या विद्वानांकडून वर्गणीची आश्वासने गोळा केली व आपल्या सरकारकडे प्रवेशाचा अर्ज केला. ११ जुलैला होकार मिळाला. कोस्टर तत्काळ बर्लिनला आले. १२ तारखेला संशय येऊ नये म्हणून बाई संध्याकाळपर्यंत संस्थेत एका तरुण सहकाऱ्याचा लेख तपाशीत बसल्या. मग दोन लहान पेट्या भरल्या आणि रात्र हान यांच्या घरी काढली. निघताना हान यांनी आपल्या आईची हिऱ्याची अंगठी त्यांना दिली. सरहद्दीवर कोणाचे मन वळवावे लागले तर असावी म्हणून. जवळ रोख रक्कम अवघी दहा मार्क होती. स्टेशनच्या वाटेवर त्यांचा धीर सुटला व मोटार परत फिरवा, असे त्या विनवू लागल्या. मोटार चालविणाऱ्या स्नेह्याने ऐकले नाही.

कोस्टर गाडीत आधीच बसले होते. भेट जणू योगायोगाने झाली असे दाखविण्यात आले. सरहद्दीवरचे ठाणे लहानसे होते. कोस्टर यांनी तेथील डच अधिकाऱ्यांना आधीच गाठून प्रवेशाचा परवाना दाखविला होता, आणि त्या अधिकाऱ्यांनी जर्मन पहारेकऱ्यांशी बोलून ठेवले होते. गाडी अडली नाही. तेहतीस... नव्हे, एकतीस वर्षांची बर्लिनमधील तपश्चर्या मागे टाकून एकोणसाठ वर्षांच्या लीझबाई हॉलंडमध्ये उतरल्या.

पण प्रवेश मिळाला म्हणजे काम मिळाले असे नव्हे. हॉलंडमध्ये कायमची तजवीज होईना. जुलैअखेर त्या कोपनहेगनमार्गे स्वीडनला गेल्या. स्टॉकहोममध्ये सीग्बान यांच्या नव्या संस्थेत त्यांना जागा मिळाली. पण पगार तुटपुंजा, साहाय्यक नाही, उपकरणे नाहीत. कागदोपत्री आश्रय होता, प्रयोगशाळा मात्र नव्हती.

अशा अवस्थेत त्यांच्या हातून सर्वांत मोठे कार्य झाले. डिसेंबर १९३८ मध्ये हान यांचे पत्र आले. युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला असता बेरियम सापडते, हे कसे काय? नाताळच्या सुट्टीत भाचा ओटो फ्रिश त्यांना भेटावयास आला होता. दोघे बर्फात फिरावयास निघाली आणि वाटेत एका ओंडक्यावर बसून त्यांनी कागदाच्या चिठोऱ्यावर गणित मांडले. अणुकेंद्र दुभंगत होते. तुटलेल्या दोन भागांचे वस्तुमान मूळच्यापेक्षा प्रोटॉनच्या सुमारे एकपंचमांशाने कमी भरत होते, आणि त्या तुटीतून सुमारे वीस कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा निघत होती. फेब्रुवारी १९३९ मध्ये हा लेख प्रसिद्ध झाला. रसायनशास्त्राचे १९४४ चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या हान यांना मिळाले. हा अन्याय होता, असेच आमचे मत आहे.

भाच्याची गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. युद्धकाळात फ्रिश इंग्लंडमध्ये होते. शत्रुदेशीय परके म्हणून त्यांना रडारच्या गुप्त कामात घेण्यात आले नाही. पण १९४३ मध्ये अणुबॉम्बच्या कामासाठी अमेरिकेत त्यांची निकड भासली, तेव्हा अवघ्या काही दिवसांत त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले! त्याच कामाचे निमंत्रण मावशीलाही होते. त्यांनी ते नाकारले.

युद्धानंतर स्टॉकहोमच्या तंत्रविद्यापीठात त्यांना प्राध्यापकाच्या वेतनाची जागा मिळाली. १९४९ मध्ये त्या स्वीडनच्या नागरिक झाल्या, मात्र आपले ऑस्ट्रियन नागरिकत्व त्यांनी खास परवानगी मिळवून राखले. ज्या पारपत्राने त्यांना ऐन वेळी दगा दिला होता, ते त्यांनी टाकून दिले नाही. १९६० मध्ये त्या फ्रिश यांच्याजवळ राहण्यासाठी केंब्रिजला गेल्या आणि तेथेच २७ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे देहावसान झाले. हॅम्पशरमधील ब्रॅम्ली या खेड्यात, धाकट्या भावाच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले.