विल्यम ऑस्लर

सर विल्यम ऑस्लर (१२ जुलै १८४९, बाँड हेड, कॅनडा – २९ डिसेंबर १९१९, ऑक्सफर्ड, इंग्लंड) हे कॅनेडियन वैद्यकतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ आणि वैद्यकशिक्षक होते. रुग्णाच्या खाटेपाशी वैद्यक शिकवण्याची पद्धत उत्तर अमेरिकेत रुजवणारे शिक्षक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. हृदयाच्या झडपांना होणारा जंतुसंसर्ग, म्हणजेच एंडोकार्डायटिस, हा त्यांच्या दीर्घ अभ्यासाचा विषय होता. या आजारात होणाऱ्या पक्षाघाताचा उपचार इतर पक्षाघातांहून वेगळा का करावा लागतो, हे समजून घेण्यास त्यांची निरीक्षणे आजही उपयोगी पडतात.

जन्म आणि शिक्षण

ऑस्लर यांचा जन्म सध्याच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील बाँड हेड या खेड्यात झाला. वडील फेदरस्टोन ऑस्लर हे अँग्लिकन पंथाचे धर्मोपदेशक होते. मुलानेही तोच मार्ग धरावा या अपेक्षेने विल्यम १८६७ मध्ये टोरांटोच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाले. परंतु वर्षभरातच ते वैद्यकाकडे वळले. १८७२ मध्ये माँट्रियल येथील मॅगिल विद्यापीठातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. त्यानंतर दोन वर्षे लंडन, बर्लिन आणि व्हिएन्ना येथे त्यांनी पुढील अभ्यास केला. बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो यांची शवविच्छेदनाची काटेकोर पद्धत त्यांना जवळून पाहता आली. एका ठिकाणी तयार झालेली रक्ताची गुठळी प्रवाहाबरोबर वाहत जाऊन दुसऱ्या ठिकाणची वाहिनी बंद करते, हा सिद्धांत फिर्खो यांनीच मांडला होता.

माँट्रियल आणि एंडोकार्डायटिसचा अभ्यास

१८७४ मध्ये ऑस्लर मॅगिल विद्यापीठात अध्यापक म्हणून परतले. माँट्रियल जनरल रुग्णालयात त्यांनी शेकडो शवविच्छेदने स्वतः केली आणि त्यांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या. रुग्ण जिवंत असताना दिसलेली लक्षणे आणि मृत्यूनंतर अवयवांत आढळलेले बदल यांची सांगड घालणे, हा या कामामागील हेतू होता.

हृदयातून सुटलेले कण मेंदूच्या रोहिणीत अडकून अर्धांगवायू होतो, हे लंडनचे डॉक्टर विल्यम सेनहाउस कर्क्स यांनी १८५२ मध्येच दाखवले होते. तरीही संसर्ग झालेल्या झडपेचा आजार ओळखणे फार कठीण होते. कोणास केवळ ताप येई, कोणास हिवतापासारखी थंडी वाजे, तर कोणी थेट बेशुद्धावस्थेत किंवा अर्धांग लुळे पडल्यावर रुग्णालयात येई. अशा रुग्णांचे निदान विषमज्वर किंवा मेंदूज्वर असे होण्याचा संभव मोठा होता.

१८८५ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये ऑस्लर यांनी याच विषयावर गुलस्टोनियन व्याख्याने दिली. विखुरलेल्या नोंदी एकत्र करून त्यांनी या आजाराचे सुसंगत चित्र उभे केले. आधीच बिघडलेल्या झडपेवर जंतू सहज ठाण मांडतात, तेथे चामखिळीसारख्या वाढी तयार होतात आणि त्यांचे तुकडे मेंदू, प्लीहा व मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतात, हे त्यांनी स्पष्ट केले. जंतुसंसर्गामुळे रोहिणीची भिंत कमकुवत होऊन तिला येणाऱ्या फुगवट्याचेही त्यांनी वर्णन केले. या फुगवट्यासाठी बुरशीचा बोध करून देणारे मायकॉटिक हे विशेषण त्यांनी वापरले. असे बहुतेक फुगवटे जिवाणूंमुळे होतात हे पुढे निश्चित झाले, तरी ते नाव टिकून राहिले.

अमेरिकेतील कार्य

१८८४ मध्ये ऑस्लर फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आणि १८८९ मध्ये बाल्टिमोरच्या नव्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुख्य चिकित्सक म्हणून गेले. तेथे त्यांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानगृहातून रुग्णकक्षात आणले आणि त्यांच्यावर प्रत्यक्ष रुग्णांची जबाबदारी सोपवली. १८९२ मध्ये त्यांचा वैद्यकाची तत्त्वे आणि व्यवहार या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कित्येक आजारांवर खात्रीचा उपाय नाही, हे त्यात त्यांनी मोकळेपणाने लिहिले होते. १८९७ मध्ये हा ग्रंथ वाचून फ्रेडरिक गेट्स यांनी उद्योगपती जॉन रॉकफेलर यांना वैद्यकीय संशोधनसंस्था स्थापण्यास प्रवृत्त केले. १९०१ मध्ये ती संस्था अस्तित्वात आली.

ऑक्सफर्ड आणि अखेरची वर्षे

१९०५ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात रीजियस प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. १९०९ मध्ये त्यांनी दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या एंडोकार्डायटिसवर लेख लिहिला. या रुग्णांच्या हातापायांच्या बोटांवर उमटणाऱ्या लहान, दुखऱ्या गाठींकडे त्यांनी त्यात लक्ष वेधले. या गाठी आज ऑस्लर यांच्या नावाने ओळखल्या जातात. १९११ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला.

पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट १९१७ मध्ये, त्यांचा एकुलता एक हयात मुलगा रेव्हेर बेल्जियमच्या रणभूमीवर जखमी होऊन मरण पावला. या आघातातून ऑस्लर पूर्णपणे सावरले नाहीत. दोन वर्षांनी न्यूमोनिया व त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथसंग्रह मॅगिल विद्यापीठाला मिळाला आणि त्यांच्या अस्थीही तेथेच ठेवण्यात आल्या. शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्राला १९२६ मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला.

आजच्या उपचारांशी संबंध

ऑस्लर यांना हा आजार ओळखता येत असे, परंतु बरा करता येत नसे. १९४० च्या दशकात पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरच हे रुग्ण वाचू लागले. तरीही पक्षाघात ही या आजारातील गंभीर गुंतागुंत राहिली आहे.

मेंदूची रोहिणी गुठळीने बंद झाल्यास पहिल्या साडेचार तासांत गुठळी विरघळवणारे औषध देण्याची आज पद्धत आहे. एंडोकार्डायटिसमध्ये मात्र अडकलेला तुकडा जंतूंनी भरलेला असतो आणि त्याच्या संसर्गाने रोहिणीची भिंत नाजूक होऊ शकते. अशा वेळी हे औषध दिल्यास मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. म्हणून ते देऊ नये, असे उपचारविषयक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मोठी रोहिणी बंद झाली असल्यास नळीच्या साहाय्याने तो तुकडा बाहेर काढण्याचा विचार केला जातो. शिरेतून तातडीने सुरू केलेली आणि काही आठवडे चालू ठेवलेली प्रतिजैविके हा मुख्य उपचार होय. काही रुग्णांना झडपेची शस्त्रक्रिया लागते. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला असल्यास ती शक्यतो काही आठवडे पुढे ढकलतात.

औषध द्यावे की नाही हे थोड्या वेळात ठरवायचे असते आणि रक्तातील जंतूंच्या तपासणीचा अहवाल तोवर हाती आलेला नसतो. तेव्हा ताप, हृदयाचा बदललेला ध्वनी आणि बोटांवरील दुखऱ्या गाठी ही लक्षणे डॉक्टरांना सावध करू शकतात. रुग्णाची अशी बारकाईने तपासणी करण्याची शिस्त हाच ऑस्लर यांच्या अध्यापनाचा गाभा होता.